पाय लागला की थांबायचं

निवृत्त झाल्यापासून लोक मला विचारतात, मॅडम, इतकी वर्षं तुम्ही नेमकं शिकवलं काय? मी सांगते, पडायला. ते हसतात. मी हसत नाही हे लक्षात आलं की विषय बदलतात.

शाळेत माझ्या पदाचं नाव क्रीडाशिक्षिका. त्या पदाची खरी कामं म्हणजे प्रार्थनेच्या रांगा सरळ करणं, पाहुणे येणार असले की लेझीम बसवणं आणि गणिताचे सर रजेवर गेले की त्यांचा वर्ग गप्प ठेवणं. यातून उरलेल्या वेळात, म्हणजे संध्याकाळी, मी उमरग्यात ज्युदो शिकवायची. ज्यांना ज्युदो ठाऊक नाही त्यांनी असं समजावं की ती कुस्तीचीच जपानात दिलेली बहीण आहे. अंगात जाड सुती अंगरखा असतो. त्याची कॉलर आणि बाही धरायची, समोरच्याचा तोल घालवायचा आणि त्याला पाठीवर पाडायचं. पाठ नीट टेकली की लढत संपली. मारामारी नाही, ठोसे नाहीत. म्हणून सिनेमा बघून आलेली मुलं पहिल्याच दिवशी निराश होतात.

दुसरी निराशा अशी की सुरुवातीचा महिनाभर फक्त पडायचं असतं. मागं पडा, कुशीवर पडा, पडताना हात सपकन गादीवर आपटा म्हणजे हिसका हातात जिरतो, हनुवटी छातीला लावा म्हणजे डोकं वाचतं. एका मुलाचे वडील हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवायचे. ते एकदा तक्रार घेऊन आले. "मॅडम, पोरगं रोज पडूनच यायलंय. पाडायचं कवा शिकवनार?" मी त्यांना म्हटलं, गाडी शिकताना तुम्ही आधी काय शिकलात, ब्रेक की ॲक्सिलेटर? त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "हॉर्न."

त्या दिवसापासून मी उदाहरणं द्यायचं कमी केलं.

आमचा सराव बसवराजअण्णांच्या मंगल कार्यालयात चालायचा. अण्णा घरात कन्नड बोलत, दुकानात मराठी आणि रागावले की हिंदी. जागा मागायला गेले तेव्हा म्हणाले, "एन्री मॅडम, लगीनतिथी नसंल त्या दिवशी हॉल तुमचाच. खुर्च्या तेवढ्या मोडू नका." पंचांग बघून सरावाचं वेळापत्रक करणारी मी देशातली एकटीच प्रशिक्षक असेन. चातुर्मासात आमची प्रगती उत्तम होई, वैशाखात सगळं विसरलं जाई. हॉलच्या मागच्या भिंतीवर थर्माकोलची मोठी अक्षरं कायमची चिकटवलेली होती, शुभविवाह. त्या अक्षरांपुढं एक मुलगा आणि एक मुलगी एकमेकांची कॉलर धरून उभे राहिले की मला हसू यायचं. पालकांना येत नसे. पहिल्याच आठवड्यात मी त्यावर घरची चादर टांगली.

मुलामुलींना एकमेकांशी लढवता कशाला, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारून झालेला आहे. त्याचं उत्तर वजनात आहे. स्पर्धेत मुली मुलींशीच खेळतात, पण सरावाला जोडीदार लागतो आणि तो आपल्या वजनाचा लागतो. मोठ्या शहरात प्रत्येक वजनाच्या चार मुली सापडतात. माझ्याकडं सगळ्या मिळून मोजक्या मुली, त्यात एक काडीसारखी, दुसरी भरभक्कम. त्या दोघींची जोडी लावणं म्हणजे सायकल आणि ट्रॅक्टरची शर्यत. शिवाय मी स्वतः शिकले ती मुलांमध्येच, कारण तिथं मी एकटी मुलगी होते. माझी बाही ती मुलं अशी दोन बोटांत धरायची, जसं काही दोरीवर दुसऱ्याचं धुणं वाळत आहे. अशा धरण्यातून मी काय शिकणार? म्हणून माझ्या वर्गात मी नियम केला होता, धरायचं तर घट्ट.

भाग्यश्री जळकोटची. अकरावीला उमरग्यात मामाकडं राहायला आली. उंच, रुंद खांद्यांची, चालताना आपण आलोय हे फरशीला कळवणारी. गावातली पोरं आपल्याला म्हैस म्हणतात, हे तिनं मला पहिल्याच दिवशी स्वतः सांगून टाकलं, म्हणजे नंतर दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. माझ्या वर्गात तिच्या वजनाची चेष्टा होत नव्हती, कारण ज्युदोत वजन ही कमावलेली गोष्ट असते. महिनाभर ती इतकी मन लावून पडली की अण्णा एकदा आत डोकावून फरशी तपासून गेले. तिला राज्यस्तरावर खेळायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या जागी आपण बसतोय असं तिला वाटायला लागलं होतं.

तिच्या वजनाचा माझ्याकडं एकच जण होता, सोमनाथ. हायवेवरच्या पंक्चर दुकानदाराचा मुलगा. ट्रकची चाकं उचलून त्याचे हात दोरखंडासारखे झाले होते. स्वभावानं मात्र असा की रस्त्यात शेळी आडवी आली तरी सायकलवरून उतरायचा.

या जोडीला परवानगी दिली ती भाग्यश्रीच्या मामींनी, एका अटीवर. "पोरगी पोरांसंगं खेळनार आसंल तर म्या हितं बसनार." आणि त्या खरंच बसल्या. रोज संध्याकाळी पहिल्या रांगेतली खुर्ची, मांडीवर पाटी, पाटीत लसूण. त्या लसूण सोलत आणि गादीकडं बघत. किती लसूण लागतो घरात, असं मी एकदा विचारलं. शेजाऱ्यांचाबी आणते, म्हणाल्या, रिकामं बसल्यावर लोकांना वाटतं आपन राखन करायलोय.

आता एक आपली सवय सांगते. सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कुणाला चुकून पाय लागला की आपण लगेच वाकतो, त्याला हात लावतो आणि तो हात छातीला नेतो. वहीला लागला तरी, झाडूला लागला तरी. हे कुणी बसवून शिकवत नाही. आणि ज्युदोत तर निम्मे डाव पायाचे. समोरच्याचा पाय जमिनीवर टेकतो न टेकतो तोच आपल्या तळव्यानं तो झाडून न्यायचा, अंगणातला पाला झाडतात तसा. मुलं आपसांत ही सवय आठवड्याभरात विसरली. एकमेकांना आनंदानं लाथा घालू लागली. पण समोर मुलगी आली की सवय परत यायची. सोमनाथचा तळवा भाग्यश्रीच्या घोट्याला लागला की तो थांबायचा, वाकायचा, तिच्या पायाला हात लावून छातीला न्यायचा आणि मग पुन्हा कॉलर धरायचा. तोवर तिचा तोल सावरलेला असायचा. खुर्चीतून मामी म्हणायच्या, "संस्कार हायेत बरं का लेकराला."

हे मी वेळीच मोडून काढत होते. पण मधे महिला दिन आला.

महिला दिनाला आमच्याकडं एक दिवसाचं स्वसंरक्षण शिबिर असतं. एका दिवसात स्वसंरक्षण येत असेल तर एका दिवसात पोहणंही यायला हवं. पण पोहण्याच्या शिबिरात उद्घाटक बुडण्याची भीती असते, म्हणून ते कुणी ठेवत नाही. त्या वर्षीच्या पाहुण्यांना एक फोटो हवा होता, मुलगी त्यांना पाडते आहे असा. भाग्यश्रीनं त्यांची कॉलर धरली. पाहुणे माझ्या कानाशी म्हणाले, तिला हळू सांगा. फोटोवाला म्हणाला, साहेब, जरा पडल्यासारखं करा. साहेबांनी दोन्ही पाय घट्ट रोवून तोंड तेवढं पडल्यासारखं केलं. तो फोटो पुढं छापून आला. त्यात भाग्यश्री त्यांचं शर्टाचं बटण लावून देते आहे असं वाटतं.

त्यानंतर सोमनाथ आणि भाग्यश्रीचं प्रात्यक्षिक झालं. सोमनाथचा पाय लागला, तो थांबला, वाकला, हात छातीला नेला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की लढतानाही स्त्रीचा मान राखणं ही आपली संस्कृती आहे. पुन्हा टाळ्या. मी कडेला उभी होते. मला वाटत होतं, लढताना मान राखायची एकच रीत असते, ती म्हणजे लढणं. पण माझ्या हातात माईक नव्हता आणि असता तरी टाळ्या पडल्या नसत्या. दुसऱ्या दिवसापासून माझी सगळी मुलं वाकून वाकून नमस्कार करायला लागली. एकाचा पाय लागला नव्हता तरी त्यानं केला.

मग मी सरळ बंदी घातली. गादीवर नमस्कार करायचा नाही, म्हणजे नाही. मुलं आज्ञाधारक होती. चार दिवसांत वाकणं बंद झालं. मला वाटलं, सुटले.

पुढं काय झालं हे आताच सांगून टाकते. भाग्यश्री त्या वर्षी राज्यावर गेली नाही. पुढच्या वर्षी गेली, दुसऱ्या फेरीत तिच्यापेक्षा चांगल्या मुलीकडून हरली आणि परत आली. पदकबिदक नाही. दिवाळी अंकातल्या अशा लेखाच्या शेवटी पदक निघेल या आशेनं वाचणाऱ्यांनी इथंच पान उलटावं. मला सांगायचं आहे ते पदकाचं नाही.

पावसाळ्यात जिल्ह्याला ती सहज जिंकली. समोर मुलीच फारशा नव्हत्या. मग लातूरला विभागीय स्पर्धा झाली. पहिलीच लढत नांदेडकडच्या एका मुलीशी होती, भाग्यश्रीपेक्षा बुटकी, हाडानं किरकोळ. दोघींनी पकड घेतली. भाग्यश्रीची पकड चांगली होती, मला बाकावरून दिसत होतं. त्या मुलीनं पायाचा साधा डाव टाकला, तळवा हिच्या घोट्याला लागला. डाव फसलेलाच होता. पण भाग्यश्री थांबली. थांबली म्हणजे काय, अर्धा श्वास. तिचे हात सैल पडले. त्या मुलीनं तेवढ्यात दुसरा पाय घातला आणि भाग्यश्रीची पाठ गादीवर टेकली. पंचांचा हात वर गेला. लढत संपली तेव्हा आमच्यातले काही जण अजून बसायला जागा शोधत होते.

परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं लावून बसली होती. औसा गेल्यावर बोलली.

"मॅडम, तिनं पाय लावला अन् ती थांबलीच न्हाय."

कशाला थांबेल, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात मला कळायला लागलं.

"सोमनाथ थांबतो का अजून?" मी विचारलं.

"वाकत न्हाय. पन थांबतो. समदेच थांबतेत. मला वाटलं, पाय लागला की थांबायचं, आसंच आसतं."  मोठ्या माणसासारखा शांत आवाज होता तिचा, मला तोच सहन होईना. "मग मी त्यांला पाडत हुते ते कवा, मॅडम? ते थांबल्यावर? म्हंजी मी आजवर कुनालाच पाडलं न्हाय?"

 इतकी वर्षं शिकवूनही मला ते खरोखरच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामी एकट्याच आल्या, लसूण न घेता. भागू जळकोटला गेली, म्हणाल्या. सोयाबीनची सुगी हाय म्हनून गेली, पन कपड्याची बॅग समदी नेली. "म्हनती, मला कायच येत न्हाय, समदी मिळून मला फशिवत हुती."

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा फक्त मुलांच्या पायांकडं बघितलं. समोर मुलगी असली की पाय लागायचा आणि मग एक बारीकसा थांबा यायचा, इतका बारीक की टाळीत दोन हात भेटायच्या आधीचा असतो तेवढा. एकाचा हात कॉलरवरून नकळत छातीकडं निघायचा आणि परत यायचा. नमस्कार गेला होता, त्याची जागा तशीच राखून ठेवलेली होती.

सोमनाथला बाजूला घेतलं. तो खाली बघत होता. सांगितलेलं ऐकत नाहीस असं म्हटल्यावर मात्र बोलला.

"मॅडम, तिला पाडलं तर लोक म्हननार, पोरीला आपटलं. पडलो तर म्हननार, पोरीकडनं पडला. वर मामी समोरच बसलेल्या. त्यापरीस पाया पडलेलं बरं वाटतं."

मी बरीच पुस्तकं वाचलेली आहेत, स्त्री-पुरुष समतेवरचीही. इतक्या थोडक्यात कुणी मांडलेलं आठवत नाही. त्याला तिचा मान राखायचा नव्हता असं नाही. पण त्या नमस्काराच्या आडोशाला तो स्वतःही उभा होता. आणि मामी तिथं बसतात म्हणून तर सराव चालू होता, त्या बसतात म्हणूनच तो खोटा होता. ही गाठ मीच मारून घेतलेली. सोडवायची कशी, ते सुचेना.

रविवारी मी जळकोटला गेले. एसटीतून उतरले तर हायवेच्या कडेनं लांबवर ताडपत्र्या आणि त्यावर पिवळं सोयाबीन वाळत घातलेलं. भाग्यश्री आणि तिची आई त्यातल्याच एका ताडपत्रीपाशी होत्या. आईनं मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं आणि म्हणाली, जरा खालवर करून घेते, मग चहा ठेवते. तिनं चपला काढल्या. वाकून दाण्यांना हात लावला, तो कपाळाला लावला आणि अनवाणी त्या राशीत उतरली. तळवे न उचलता ती पाय ओढत चालू लागली. मागं दाण्यांत सरळ ओळी उमटत गेल्या, खालचे ओले दाणे वर येत गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. धान्याला पाय लागू नये म्हणून एरवी जपणारं माणूस, आणि हिचं सगळं काम पायांनीच चाललेलं.

मला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी आमच्याकडंही असंच करत. तरी मी विचारलं, मधेमधे नाही का करत नमस्कार?

तिची आई हसली. "पावलापावलाला पाया पडत बसले तर वाळायचं कवा, मॅडम? सुरवातीलाच माफी मागून घेतलेली आसती."

मी चपला काढल्या, दाण्यांना हात लावला आणि उतरले. सोयाबीन तळव्यांना गरम लागत होतं. भाग्यश्री दुसऱ्या टोकाकडून पाय ओढत येत होती. तळवा जमिनीलगत, गुडघा सैल, घाई नाही. पायाचा डाव वर्गात शिकवताना मी जे घसा कोरडा करून सांगते, ते ती इथं न सांगता करत होती. तिलाही ते कळत असावं, कारण मी बघते आहे म्हटल्यावर तिनं पाय उचलून साधं चालायला सुरुवात केली.

"मी यील," ती म्हणाली. मी अजून काहीच विचारलं नव्हतं. "पन त्यो खरं खेळनार आसंल तरच. मला येतं का न्हाय, येवढंच बघायचंय. एकदा. न्हाय आलं तर हे हायेच." आणि तिनं सोयाबीनकडं मान केली.

तुळशीच्या लग्नाच्या आधीचे दिवस आमच्या हॉलचे मोकळे असतात. त्यातल्या एका संध्याकाळी ती आली. मामीही आल्या, पाटीसकट. मी सगळ्यांना गादीच्या कडेला उभं केलं. ज्युदोत सराव सुरू करताना एकमेकांपुढं वाकायची पद्धत मुळातच आहे. आम्ही ते वाकणं शाळेतल्या हजेरीसारखं उरकत होतो. मी म्हटलं, आजपासून हे नीट करायचं. समोरच्याला पाय लागणार आहे, तो मुलगा असो की मुलगी. त्या सगळ्या पायांची माफी आताच मागून घ्यायची. त्यानंतर जो थांबेल त्यानं हॉलमधल्या खुर्च्या उचलायच्या.

मामींनी लसूण सोलणं थांबवलं. "म्हंजी सुरवातीला एकदा. मग न्हाय?"

"मग नाही."

त्यांनी थोडा विचार केला. सोमनाथकडं बघून म्हणाल्या, "ऐकलास का रं? आता थांबलास तर माझ्यासंगं लसूण सोलाय बस."

मुलं हसली. सोमनाथचे कान लाल झाले. तो वाकला, भाग्यश्री वाकली. दोघंही नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकून राहिली.

पहिल्यांदा त्याचा पाय लागला तेव्हा तो थांबलाच. ती म्हणाली, "थांबू नगंस." दुसऱ्यांदा थांबला नाही, पण ओढलंही नाही. तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले असावेत. त्याचा तळवा तिच्या घोट्याला लागला आणि तसाच पुढं गेला, दोन्ही हातांनी तिला ओढलं आणि भाग्यश्री पाठीवर पडली. असा आवाज त्या हॉलमध्ये याआधी झाला नव्हता. मामी उठून उभ्या राहिल्या, लसूण फरशीवर पांगला. सोमनाथचा हात छातीकडं निघाला. त्यानं मामींकडं पाहिलं, मूठ वळली आणि हात खाली घेतला.

भाग्यश्री छताकडं बघत पडून होती. पंखा फिरत होता. पडताना तिनं हनुवटी छातीला लावली होती, हात बरोबर आपटला होता. नीट पडली होती ती.

"परत," ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज पडत होती. मन रमावं म्हणून मी मधे एखादा सोपा जोडीदार द्यायची, तो ती नको म्हणायची. ही बातमी चहाच्या टपरीवरून सोमनाथच्या वडिलांपर्यंत गेली. पोरगं पोरीला आपटतंय म्हणे. ते दुकान तसंच ठेवून, ग्रीसनं काळ्या हातांनीच हॉलमध्ये आले. दारातच उभं राहून त्यांनी एक पडणं बघितलं. मामींना विचारलं, "उटती का पोरगी?" मामी म्हणाल्या, "तुमच्या पोराच्या आधी उटती." मग ते चहासुद्धा न घेता गेले.

पौषात लग्नं नसतात. महिनाभर हॉल आमचा. त्या महिन्यातली एक संध्याकाळ. सोमनाथ जोरात पुढं आला, त्याचा पाय टेकायच्या बेतात होता. भाग्यश्रीचा तळवा जमिनीलगत सरकत गेला, जळकोटच्या ताडपत्रीवर जायचा तसा, घाई नाही, लाथ नाही. त्याचा पाय तिनं तेवढ्यातच झाडून नेला. सोमनाथ पाठीवर पडला.

मुलीकडून पडलेला मुलगा कसा उठतो हे मी आयुष्यभर बघितलेलं आहे. तो हसत उठतो. त्या हसण्यात लिहिलेलं असतं की मी पडू दिलं म्हणून पडलो. सोमनाथ हसला नाही. तो उठला, अंगरखा ओढून सरळ केला आणि कमरेचा पट्टा पुन्हा बांधायला लागला. गाठ बसेना. त्यानं ती सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. जबडा घट्ट मिटलेला. शेळीसाठी सायकलवरून उतरणारा मुलगा तो, त्याचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता.

भाग्यश्री त्याच्याकडं निरखून बघत होती. माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "मॅडम, चिडलाय का हो त्यो?"

"चिडलाय."

"खरंच?"

"खरंच."

तिनं ओठ आत दाबून धरले, पण डोळे तिला आवरता येईनात. मामींनी लसणाची पाटी मांडीवरून काढून खुर्चीखाली सरकवली आणि दोन्ही हात मोकळे करून पुढं वाकून बसल्या.

सोमनाथची गाठ एकदाची बसली. तो गादीच्या मधोमध आला आणि त्यानं तिची कॉलर धरली, घट्ट.

"परत," तो म्हणाला.